नवा वर्ग हाती आलाय? आधी मधली सुट्टी बघा

डबा ऐसपैस खेळताना एकाच मुलावर सलग चार दिवस राज्य येत असेल, तर तो खेळ राहिलेला नाही. हे कळायला मला नोकरीची सहा वर्षं लागली. मैदानात पोरं पळतायत, ओरडतायत, मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघतेय आणि मनाशी म्हणतेय, किती छान खेळतात! ज्याच्यावर राज्य होतं तोही हसत होता. तसं हसायला पोरं फार लवकर शिकतात.

वर्गातला छळ कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा, हे वर्गशिक्षक म्हणून पहिल्यांदाच नाव लागलेल्या शिक्षकांसाठी लिहितेय. पाचवी ते आठवीचे वर्ग डोळ्यांपुढे आहेत, कारण माझी बहुतेक नोकरी तिथेच गेली. त्रास देणाऱ्या एका पोराच्या मागे वर्षभर लागलात तरी फारसं काही हाती लागत नाही. त्याचं दुकान चालतं ते बाकीच्यांच्या हसण्यावर. ती बाकीची पोरं तुमच्या बाजूला आली की दुकान आपोआप बसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये 'गुन्हेगार' कमी आणि वर्ग जास्त आहे.

पायरी १: थट्टा, भांडण आणि छळ वेगवेगळे ओळखा

पोरं चिडवतात, कट्टी घेतात, दुसऱ्या सुट्टीत त्याच दोस्ताच्या डब्यातलं लोणचं खातात. यात आपण पडायचं नसतं. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून शाळांमधल्या छळाचा अभ्यास केला. १९८२च्या अखेरीस तिथं तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि पुढच्या वर्षी सरकारनं देशभर मोहीम काढली, तीही याच अभ्यासाच्या आधारानं. ओल्वेउस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही कामाला येतात: त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला होतो त्याला उलट करता येत नाही.

तिसरी खूण नीट धरा. दोन बरोबरीची पोरं गुद्द्यावर आली तर ते भांडण. सोडवा आणि विसरा. पण एकाची ताकद दुसऱ्याहून जास्त असेल तर नुसत्या नावानं हाक मारण्यातही छळ असू शकतो. आणि ताकद म्हणजे फक्त दंड नव्हेत. बापाचं गावातलं वजन, जात, क्लासचा ग्रुप, बोलण्याची ढब, हे सगळं त्यात येतं. घरात अहिराणी किंवा गोरमाटी बोलणारं लेकरू वर्गात 'न' आणि 'ण' चुकलं की हशा पिकतो. ऊसतोडीला आईबापाबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेलं पोर मार्च-एप्रिलात परत येतं, तेव्हा त्याची बाकावरची जागाही गेलेली असते आणि दोस्तही.

एक साधी कसोटी सांगते. आपल्याकडे खेळात धाकट्यांना 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. खेळातला हा फार मायेचा नियम आहे. पण सातवीतल्या, सगळ्यांच्या वयाच्या मुलाला रोज कच्चा लिंबू करत असतील, तर ती माया नाही, तो शिक्का आहे. नियम तोच, फरक पडतो तो त्याला 'नको' म्हणता येतं का, यानं.

पायरी २: जागा शोधा

पहिल्या पंधरा दिवसांतच हे करा. शाळेचा कच्चा नकाशा फळ्यावर काढा: वर्ग, व्हरांडा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहं, मैदान, सायकल स्टँड, फाटक. मुलांना कागदावर तो उतरवायला सांगा. जिथं बरं वाटतं तिथं हिरवी खूण, जिथं जायला नको वाटतं तिथं लाल. नावं लिहायची नाहीत, ना स्वतःचं ना दुसऱ्याचं. सगळ्यांनी घडी घालून कागद द्यायचे.

माझ्या वर्गात पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं होतं, लाल खुणा मैदानाच्या कोपऱ्यात पडतील. पडल्या पाण्याच्या टाकीपाशी. चौकशी केली तर कळलं, तीन नळांपैकी दोन बंद होते. एका नळापाशी साठ पोरं, आणि रांगेत पुढं कोण घुसणार हे दांडगे ठरवणार. मी भाषण तयार करत होते; खरं काम प्लंबरचं होतं. नळ दुरुस्त झाले आणि टाकीजवळच्या निम्म्या तक्रारी गेल्या.

खिचडीची रांग, दोन तासांमधली पाच मिनिटं, शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघायची जागा, बसची मागची सीट, या जागा जवळपास प्रत्येक शाळेत लाल निघतात. सगळीकडे तुम्ही उभे राहू शकत नाही. पण मधल्या सुट्टीत आळीपाळीनं दोघा शिक्षकांनी डबा घेऊन व्हरांड्यात बसावं, एवढं मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात लिहून घ्या. आणि शिपाईकाका, खिचडी करणाऱ्या मावशी यांच्याशी बोला. कोण एकटं जेवतं, कोणाचा डबा रोज दुसराच खातो, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. त्यांना कोणी विचारत नाही इतकंच.

पायरी ३: आपली जीभ तपासा

ही पायरी गाळायचा मोह होतो. वर्गातली निम्मी टोपणनावं शिक्षकांनीच दिलेली असतात. 'अरे ढब्बू', 'आमचे शास्त्रज्ञ आले बघा', 'हिचं काय विचारायचं!' आपण सहज बोलून जातो, वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाव सरकारमान्य होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, हे आपण छडीच्या संदर्भात लक्षात ठेवतो आणि शेऱ्याच्या संदर्भात विसरतो.

शब्दांखेरीज पद्धतीही तपासा. कबड्डीला दोन कॅप्टन उभे करून 'आपापले गडी निवडा' म्हणणं आजपासून बंद करा. शेवटी उरलेल्या पोराला दोन्हीकडून 'तू घे, तू घे' होतं. हा अपमान आपण दर आठवड्याला, शिट्टी वाजवून, घडवून आणतो. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडा. गुण मोठ्यानं वाचू नका. फी राहिलेल्यांची, जातीच्या दाखल्याची, शिष्यवृत्तीची कामं वर्गात नाव पुकारून करू नका. चिठ्ठी द्या किंवा सुट्टीत बोलवा.

पायरी ४: चहाडी आणि सांगणं

नियम चारच करा आणि पोरांच्या तोंडून येऊ द्या. पाचवा नियम कोणी वाचत नाही. मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतः शिकवायला हवी, कारण ती मुलांना कोणीच सांगत नाही. आपल्याकडे चहाडखोर पोराची अशी खोड मोडतात की पुढं खरंच काही घडलं तरी पोर गप्प बसतं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते:

'बाई, त्यानं माझ्याआधी रबर घेतलं.' यात कोणाला तरी अडकवायचं आहे.
'बाई, ती आठवडाभर डबा स्वच्छतागृहाच्या मागं बसून खाते.' यात कोणाला तरी सोडवायचं आहे.

पहिली चहाडी, दुसरं सांगणं. यावर पोरं तासभर वाद घालतात, आणि घालू द्यावा.

सांगायच्या वाटाही दाखवा. महाराष्ट्रात शाळांना तक्रारपेटी ठेवायची आहे आणि १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असायला हवी. तुमच्या शाळेत पेटी कुठं आहे ते जाऊन बघा. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर असेल तर तिच्यात शाळा संपेपर्यंत एक चिठ्ठी पडणार नाही. जिन्याखाली, ग्रंथालयाच्या दाराशी, अशी पटकन टाकून जाता येईल अशी जागा मागा. आणि पेटी ठरल्या दिवशी, दोघांसमक्ष उघडा. एकदा चिठ्ठी टाकून काहीच झालं नाही, तर दुसऱ्यांदा कोणी टाकत नाही.

पायरी ५: बघ्यांना काम द्या

माझ्या मते सगळा कस इथं आहे. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की छळ दोघांमध्ये होत नाही. कोणी साथ देतं, कोणी हसून चढवतं, कोणी लांबून बघतं, कोणी क्वचित आड येतं. त्यातून उभा राहिलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून तिथल्या शाळांमध्ये देशभर नेला गेला. त्याचा भर बघ्यांवरच आहे.

आपण पोरांना सांगतो, 'अन्यायाविरुद्ध उभे राहा.' बारा वर्षांच्या पोरानं वर्गातल्या दांडग्यासमोर उभं राहायचं म्हणजे नेमकं काय? त्याला झेपेल असं काम द्या. मी तीन सांगते. एक, हसू नका. नुसतं वळून आपल्या वहीत बघा. दोन, त्रास देणाऱ्याशी बोलूच नका, ज्याला त्रास होतोय त्याला हाक मारा: 'चल रे, पाणी प्यायला येतोस?' तीन, मला सांगा.

दुसरं काम सगळ्यात भारी आहे. त्यात शौर्य लागत नाही आणि तमाशा मोडतो. पण हे वर्गात करून घ्यावं लागतं. मी चार बाक बाजूला करते, एक पोर दप्तर घेऊन मधे, दोघं दप्तर ओढणारे (दप्तर ओढण्याचं काम नेहमी वर्गातल्या गुणी मुलांना द्या, त्यांना फार आवडतं), बाकी बघे. पहिल्या फेरीत बघ्यांनी हसायचं. दुसऱ्या फेरीत कोणीच हसायचं नाही. तिसऱ्या फेरीत एकानं येऊन 'चल पाणी प्यायला' म्हणायचं. मग ओढणाऱ्यांना विचारायचं, कसं वाटलं? दुसऱ्या फेरीनंतर एकदा एक मुलगा म्हणाला, 'बाई, मजाच गेली.' सगळ्या तासाचं सार त्यानं तीन शब्दांत सांगितलं.

ज्याला त्रास होतोय त्याची भूमिका मात्र खऱ्या आयुष्यात तो भोगणाऱ्या मुलाला कधीही देऊ नका.

पायरी ६: चांगुलपणाला निमित्त द्या

'या महिन्याचा आदर्श विद्यार्थी' असा फलक लावून मी पाहिलंय. पहिल्या आठवड्यात सगळी पोरं माझ्यासमोर एकमेकांच्या बाटल्या उचलायला लागली आणि माझी पाठ फिरली की फेकायला. आपुलकी बक्षिसानं येत नाही, एकमेकांची गरज पडली की येते.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात १९७१ साली गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणल्यावर ताण वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी एक युक्ती केली: धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर प्रत्येकाचं ऐकून घ्यावंच लागे. आपल्याकडे यासाठी अष्टप्रधान मंडळाइतका चांगला दुसरा धडा नाही. आठ मुलांचा गट करा. एक पेशवा, एक अमात्य, एक सचिव, मग मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. प्रत्येकाला फक्त आपल्या खात्याची चिठ्ठी. अमात्याला जमाखर्च माहीत, सुमंताला परराज्यांशी व्यवहार, न्यायाधीशाला न्यायदान. शेवटी प्रश्न सगळ्या आठांचे.

वर्गात ज्याचं कोणी ऐकत नाही त्याला सुमंत करा. आदल्या दिवशी पाच मिनिटं बसवून त्याच्याकडून तयारी करून घ्या. ही पाच मिनिटं गाळलीत तर तो अडखळेल आणि सगळं उलटं होईल. पंधरा मिनिटांनी 'ए, परराष्ट्राचं सांग ना लवकर' असं सात तोंडांनी ऐकू येतं. त्या क्षणी त्याचा चेहरा बघा. एका तासानं काही बदलत नाही, पण आठवड्यातून एकदा, तीन-चार महिने केलं तर बदलतं. गट दर महिन्याला मोडा.

बाकी छोट्या गोष्टी: बाकावरची जोडी पंधरवड्यानं बदला, खिचडी वाढायला वर्गातले 'राजे' आणि एकटे पडलेले एकत्र लावा, आणि नव्यानं किंवा उशिरा परत आलेल्या मुलासाठी आधीच्या दिवशीच दोघांना सांगून ठेवा की त्याला डब्याला आपल्यात घ्यायचं.

पायरी ७: घडलंच तर

माझी चूक आधी सांगते. आठवीत एक मुलगा अडखळत बोलायचा. चौघं त्याची नक्कल करायचे. मी पाचही जणांना फळ्यापाशी उभं केलं, चौघांना 'सॉरी' म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवसापासून तो दिसला की पोरं हात पुढं करायची, 'स-स-सॉरी हं.' तो अकरा दिवस शाळेत आला नाही. चिडवायचं नवं साहित्य मीच पुरवलं होतं.

तेव्हा असं करा:

आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी एकट्याशी बोला. काय, कुठं, कधी, आणखी कोण होतं, एवढंच विचारा. 'तू काय केलंस म्हणून ते असं वागले?' हा प्रश्न ओठांवर येतो, गिळा. 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. 'तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही' म्हणा. हे पाळता येतं.

मग बाकीच्यांना एकेकट्यानं, एकाच तासात, एकामागून एक. टोळक्याला एकत्र बोलावलंत तर ते आपसात डोळे मारून बाहेर पडतं. जाब विचारत बसू नका. 'त्याला शाळेत यायला नको वाटतंय. तुझ्याकडून उद्या काय होऊ शकेल?' एवढं विचारा आणि गप्प राहा. गप्प राहणं अवघड आहे, पण उत्तर येतं. बहुतेकदा म्होरक्या सोडून बाकीचे सुटकेचा श्वास टाकतात. त्यांनाही ते नकोसंच झालेलं असतं.

नुकसान झालं असेल तर भरपाई कामानं: फाडलेली वही फाडणाऱ्यानं स्वतः उतरवून द्यायची. अंगठे धरायला लावू नका, छडी तर नाहीच.

तारखेसह चार ओळी एका वहीत लिहा. तीन दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी त्या मुलाला पुन्हा विचारा, तेही जाता जाता, व्हरांड्यात. पंधरा दिवसांची ही दुसरी विचारपूस नवे शिक्षक हमखास विसरतात, आणि छळ नेमका तेव्हाच पुन्हा सुरू होतो.

पायरी ८: पालक आणि मोबाइल

त्रास झालेल्याचे वडील म्हणतील, 'तूही एक ठेवून दे ना!' त्रास देणाऱ्याची आई म्हणेल, 'आमचा तसा नाहीच हो.' दोघांनाही एकाच वेळी ऑफिसात बोलावू नका. त्रास देणाऱ्याच्या आईशी सुरुवात करताना वहीतली तारीख आणि घडलेली गोष्ट सांगा, विशेषण नको. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत त्यानं तिचा डबा सांडला' यावर बोलता येतं, 'तो दांडगट आहे' यावर फक्त भांडता येतं. त्या घरात पोराला मार बसतो अशी शंका असेल तर फोन करण्याआधी दहा वेळा विचार करा. तुमची तक्रार त्याच्या पाठीवर उतरते आणि त्याचा राग दुसऱ्या दिवशी त्याच्याहून लहान पोरावर.

आता बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. कोणाच्या झोपलेल्या चेहऱ्याचं स्टिकर, एकाला वगळून बाकी सगळ्यांचा ग्रुप. 'शाळेबाहेरचं आहे' म्हणून हात झटकू नका, कारण त्याचं हसू उद्या तुमच्याच वर्गात पिकणार असतं. पालकांना सांगा, मजकूर पुसण्याआधी स्क्रीनशॉट ठेवा, आणि पोराचा मोबाइल शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. तसं केलं की पुढच्या वेळी ते सांगत नाही.

पायरी ९: कुठं थांबून वर कळवायचं

सगळंच वर्गात मिटवायचं नसतं. अंगाला नकोसा स्पर्श, कपडे ओढणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ती 'पोरांची मस्ती' नव्हे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि लपवणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यात आपली स्वतंत्र चौकशी, आपसात तडजोड, शाळेची इभ्रत, काही आणू नका. मुलाला तीच हकीकत दहा जणांपुढं सांगायला लावू नका. जातीवरून बोललं गेलं असेल तर ते टोपणनावांच्या यादीत टाकून सोडू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. विषय तिथं नेता येतो.

मूल जेवत नसेल, 'मी नसलेलंच बरं' असं काही बोललं असेल, तर त्याच दिवशी पालकांना आणि मुख्याध्यापकांना सांगा, त्याला एकटं सोडू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा आणि मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायला लावा.

वर्षअखेरीस ती चार-चार ओळींची वही पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, निकालाबरोबर. देण्याआधी एकदा वाचा आणि 'खोडकर', 'टारगट', 'नाजूक' असे शब्द दिसले तर खोडा. कोण कोणाशेजारी बसलं की खुलतं, कोणाला कोणापासून दोन बाक लांब ठेवावं, आणि पाण्याच्या टाकीचा कुठला नळ पुन्हा गळायला लागलाय, एवढं त्यांना पुरतं.